इंजिनिअरिंगचा कॅप प्रवेश : जातीच्या दाखल्यापासून पसंतीक्रमापर्यंत

दरवर्षी जूनमध्ये सीईटीचा निकाल लागतो आणि ओळखीपाळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "ताई, ब्याण्णव पर्सेंटाईल आलेत, कुठे मिळेल?" माझ्या मुलीचा प्रवेश याच प्रक्रियेतून झाला, पुढे पुतण्याचा झाला, आणि त्यानंतर आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलांचे फॉर्म भरताना मी शेजारी बसले. एवढ्या अनुभवानंतर मी त्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, "जातीची व्हॅलिडिटी झाली का? नॉन-क्रिमीलेअर कधीपर्यंतचं आहे? बारावी कुठल्या जिल्ह्यातून?" पर्सेंटाईल चांगले असूनही हातची जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रत्येक वेळी कारण एक तर कागदपत्रांत होतं, नाही तर पसंतीक्रमात. या लेखात म्हणूनच या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

हे सगळं महाराष्ट्रातल्या पदवी इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेबद्दल, म्हणजे आपण ज्याला 'कॅप' म्हणतो त्याबद्दल आहे. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल चालवतो. तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका सेलच्या संकेतस्थळावर येते, ती उतरवून घ्या आणि आई-वडील व मूल दोघांनीही वाचा. ती कंटाळवाणी आहे, पण तुमचा प्रश्न तिच्यात सापडतोच.

आधी थोडं सध्याच्या हवेबद्दल

गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडशाखांकडे मुलांचा लोंढा आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली. तेव्हापासून अनेक ठिकाणी कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स यांच्या तुकड्या वाढल्या आहेत. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे जुन्या कटऑफवर डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण जागा वाढल्या की कटऑफ खाली सरकतो. दुसरं म्हणजे जागा वाढल्या तरी शिकवणारे तेवढ्या वेगाने वाढतात असं नाही. म्हणून महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा लॅबमधल्या नव्या खुर्च्यांवर भुलू नका. त्या शाखेत कायम प्राध्यापक किती आहेत आणि यंदा तुकड्या किती आहेत, हे विचारा. समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर तिथेच शिकणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. ती खरं सांगतात.

शाखांची नावंही आता लांबलचक झाली आहेत. 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग'पुढे कंसात एआय, मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, आयओटी असं काहीबाही असतं. माझं स्पष्ट मत आहे की नावावर जाऊ नये. अभ्यासक्रम उघडून पहिल्या चार सत्रांचे विषय शेजारी ठेवून पाहा. बहुतेक ठिकाणी फारसा फरक दिसणार नाही. मग त्या कंसापायी चांगलं महाविद्यालय सोडण्यात अर्थ नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलकडे मुलं पाठ फिरवतात, पण ज्याला यंत्रांची, बांधकामाची खरी ओढ आहे त्याला तुलनेने नावाजलेल्या महाविद्यालयात जागा मिळते, हाही याच हवेचा परिणाम आहे.

१. बारावी सुरू होताच कागदपत्रांना लागा

निकालानंतर सेतू केंद्राबाहेर जी रांग लागते ती पाहिली की पोटात गोळा येतो. सर्व्हर बंद, तहसीलदार साहेब बैठकीला, आणि फॉर्मची मुदत परवा. हे टाळायचं तर कामं वर्षभर आधी सुरू करा.

सर्वांना लागणारी कागदपत्रं :

- दहावीची गुणपत्रिका आणि बारावीची गुणपत्रिका
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला (एलसी)
- अधिवास प्रमाणपत्र (डोमिसाइल). किंवा एलसीवर महाराष्ट्रातलं जन्मस्थान नोंदवलेलं असेल तर तोही पुरावा चालतो
- राष्ट्रीयत्वाचा पुरावा. एलसीवर 'भारतीय' अशी नोंद असली की काम होतं
- आधार कार्ड, आणि विद्यार्थ्याच्याच नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं
- सीईटीचं किंवा जेईई मेनचं गुणपत्रक
- पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सहीचं स्कॅन

आरक्षणाचा किंवा सवलतीचा लाभ घ्यायचा असेल तर :

- जात प्रमाणपत्र
- जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी)
- ओबीसी, एसईबीसी, व्हीजे, एनटी, एसबीसी या प्रवर्गांसाठी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला (एससी-एसटींना हे लागत नाही)
- ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी राज्याच्या नमुन्यातलं पात्रता प्रमाणपत्र
- टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) आणि शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला

यातली व्हॅलिडिटी सगळ्यात वेळखाऊ आहे. अर्ज बारावीला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करायचा असतो. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा नमुना १५-अ तिथूनच मिळतो. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. सोबत वंशावळ, शपथपत्रं आणि वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले लागतात. इथे एक तारीख महत्त्वाची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-एसबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद हातात असली की प्रकरण पुढे सरकतं.

म्हणून आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले तिथे जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. जुन्या वह्यांची पानं पिवळी पडलेली असतात, शाई फिकट झालेली असते, आणि नाव 'धोंडू बाबा' एवढंच लिहिलेलं असतं, आडनाव नसतं. गुरुजींना जन्मतारखेचा अंदाज आणि पणजोबांचं नाव सांगितलं तर नोंद सापडते. चुलतभावाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर तिची प्रत जरूर जोडा. रक्ताच्या नात्यातलं वैधता प्रमाणपत्र हा भक्कम पुरावा ठरतो.

"पावती असली तरी चालते, नंतर देता येतं" असं गावात सगळे सांगतात. काही वर्षी शासनाने अशी मुदत दिलीही आहे. पण मुदत संपली आणि प्रमाणपत्र आलं नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो. त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रिमीलेअरमधला सापळा तारखेचा आहे. हे प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. घरात मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त बसू नका. ते काढून तळाची 'वैधता' ओळ वाचा. नवं काढायला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात, आणि एप्रिल लागताच अर्ज टाकलेला बरा.

आयआयटी-एनआयटीच्या जोसा प्रक्रियेतही उतरणार असाल तर लक्षात घ्या, तिथे ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, इथे राज्याच्या. एकाचा दाखला दुसरीकडे चालत नाही. शिवाय राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही.

शेवटी नावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच आधारवर, जातीच्या दाखल्यावर आणि बँकेत हवं. एका ठिकाणी 'विठ्ठल', दुसरीकडे 'विठ्ठलराव' अशी वडिलांची नावं असतात. हे फॉर्म भरण्याच्या दिवशी लक्षात येऊन उपयोग नसतो. सगळे कागद एकदा जमिनीवर पसरून एकेक अक्षर जुळवून पाहा.

२. परीक्षा आणि पर्सेंटाईलचा अर्थ

एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न, १ गुण. दोन्ही भागांना ९०-९० मिनिटं. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वजन असतं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. २०२६ पासून परीक्षा एप्रिल आणि मे अशी दोनदा देण्याची सोय झाली आहे आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाईल धरला जातो.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ९२ पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या गटातल्या ९२ टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी. २०० पैकी १८४ पडले असा त्याचा अर्थ होत नाही. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, म्हणून हा हिशेब.

बारावीकडे दुर्लक्ष करू नका. पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. सीईटीत उत्तम गुण आणि बोर्डात पीसीएम ४३ टक्के, अशा मुलाच्या घरात बसून समजूत काढण्याची वेळ माझ्यावर आली आहे. ते फार अवघड असतं.

३. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची छाननी

सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये नाव आलं, असं नाही. कॅपचा अर्ज वेगळा भरावा लागतो. दरवर्षी काही मुलं निकालानंतर वाट बघत बसतात आणि नोंदणीची तारीख निघून जाते.

अर्जात 'उमेदवाराचा प्रकार' विचारतात. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली असेल आणि अधिवास किंवा जन्म इथला असेल तर टाइप ए. शिक्षण बाहेर झालं पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर टाइप बी. इंदूर, बडोदा, हैदराबादला वाढलेल्या मराठी मुलांना बहुतेकदा हाच लागू पडतो. टाइप सी आणि डी केंद्र व राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. टाइप ई महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त भागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बेळगाव, निपाणीकडच्या अनेक घरांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं. आपले नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना आवर्जून सांगा.

छाननीचे दोन मार्ग आहेत : घरबसल्या ई-छाननी किंवा छाननी केंद्रावर प्रत्यक्ष जाणं. कागद साधे-सरळ असतील तर ई-छाननी उत्तम. आरक्षण, टीएफडब्ल्यूएस, अल्पसंख्याक, दिव्यांग, संरक्षण दलातील पालक असे दोन-तीन दावे एकदम असतील तर केंद्रावर जा, समोर बसून शंका फिटते. ई-छाननी निवडली तर रोज लॉग-इन करून पाहा. स्कॅन अस्पष्ट आहे, तारीख दिसत नाही अशा कारणांनी अर्ज परत पाठवतात आणि दुरुस्तीला वेळ थोडाच असतो.

मोबाइल नंबर आणि ईमेल घरचेच द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा क्लासच्या सरांचा नंबर कधीही देऊ नका. पुढे सगळे ओटीपी त्याच नंबरवर जातात, आणि तुमच्या प्रवेशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते.

४. तात्पुरती गुणवत्ता यादी : हरकतीची संधी

यादी आली की फक्त क्रमांक पाहून थांबू नका. प्रवर्ग, गृह विद्यापीठ (बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली ते), टीएफडब्ल्यूएस पात्रता, बारावीचे गुण, सगळं वाचा. चूक असेल तर हरकत याच टप्प्यावर, लॉग-इनमधूनच नोंदवायची. अंतिम यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही. नॉन-क्रिमीलेअर किंवा वैधता मान्य झाली नसेल तर तुमचं नाव खुल्या प्रवर्गात गेलेलं दिसेल. ते इथेच पकडायचं.

५. कटऑफची यादी वाचायला शिका

सेल मागच्या वर्षांचे फेरीनिहाय कटऑफ प्रसिद्ध करतो. शेकडो पानं, सगळी संकेताक्षरं. पहिल्यांदा पाहिली की डोकं गरगरतं, पण ती वाचणं सोपं आहे.

'जी-ओपन-एच' असा स्तंभ घ्या. 'जी' म्हणजे सर्वसाधारण. तिथे 'एल' असेल तर ती महिलांची जागा. मधला भाग प्रवर्ग : ओपन, एससी, एसटी, व्हीजे, ओबीसी, एसईबीसी; एनटी-१ म्हणजे एनटी-बी, एनटी-२ म्हणजे सी, एनटी-३ म्हणजे डी. शेवटचं अक्षर सगळ्यात मोलाचं. 'एच' म्हणजे गृह विद्यापीठातल्या मुलांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातल्या मुलांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. स्तंभाखाली दोन आकडे असतात. वरचा राज्य गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाईल.

गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी कुठून झाली त्यावरून. साताऱ्यातून बारावी झालेली मुलगी शिवाजी विद्यापीठ क्षेत्रातली. तिने पुण्यातल्या, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचा 'एच' स्तंभ पाहून आनंद मानू नये. तिच्यासाठी तिथे 'ओ'. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी राज्यस्तरीय जागा असतात, तिथे 'एस'. मुलींनी 'जी' आणि 'एल' दोन्ही पाहावेत, कारण दोन्ही जागांसाठी त्यांचा विचार होतो. तसंच राखीव प्रवर्गातला विद्यार्थी गुणवत्तेवर खुल्या जागेवरही येऊ शकतो.

तुलना करताना पर्सेंटाईलपेक्षा गुणवत्ता क्रमांकावर जास्त भर द्या. आणि पहिल्या फेरीचाच नव्हे, शेवटच्या फेरीचाही कटऑफ पाहा.

६. पसंतीक्रम : इथे घाई नको

पर्याय अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. एवढे लागत नाहीत, पण दहा-बारा भरून उठणं मात्र धोक्याचं.

आधी वाटप कसं होतं ते समजून घ्या. संगणक गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेका मुलाकडे येतो, त्याच्या यादीतला सगळ्यात वरचा पर्याय शिल्लक आहे का पाहतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा. म्हणजे एखादं महाविद्यालय तुम्ही पहिल्या क्रमांकावर टाकलं काय आणि अकराव्यावर टाकलं काय, तिथे जागा मिळण्याची शक्यता बदलत नाही. ती तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर ठरते. वर मोठी स्वप्नं लिहिल्याने खालचं काही हातचं जात नाही. "आपल्याला मिळणारच नाही, कशाला वर टाका" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

आता २०२५-२६ पासून आलेला बदल. फेऱ्या चार झाल्या आणि आपोआप गोठण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तरी तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम.

हा नियम समोर ठेवून पुन्हा त्या साताऱ्याच्या मुलीकडे या. तिला कॉम्प्युटर हवंय, आणि घरचे म्हणतात, "आधी खात्रीचं टाक." तिने घाबरून जवळच्या साध्या महाविद्यालयातली कॉम्प्युटरची जागा पहिली टाकली. पहिल्याच फेरीत ती मिळाली आणि दार बंद झालं. तिच्या क्रमांकावर सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रिकल किंवा पुण्यातल्या चांगल्या ठिकाणी आयटी मिळत असतं, तरी आता ते पाहायलाही मिळणार नाही. भीतीने लावलेला क्रम असा अंगाशी येतो.

मी क्रम असा लावून घेते. कागदावर आधी फक्त महाविद्यालयं, मग फक्त शाखा, मग जोड्या. प्रत्येक दोन जोड्यांबद्दल मुलाला एकच प्रश्न : "दोन्ही आत्ता हातात आल्या तर कुठे जाशील?" त्याचं उत्तर वर. पालकांनी या वेळी गप्प बसावं, ही कळकळीची विनंती. पहिले सहा पर्याय ठरवायला एक अख्खी संध्याकाळ द्या, कारण नियम त्यांच्यावरच लागतात. यादीच्या तळाशी, ज्यांचा 'ओ' किंवा 'एच' कटऑफ तुमच्या पर्सेंटाईलपेक्षा बराच खाली आहे असे काही पर्याय हवेतच. आणि जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचं नाही असं महाविद्यालय यादीत असूच नये, शेवटीही नको.

टीएफडब्ल्यूएसच्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तिथे शिक्षण शुल्क माफ होतं. या जागा ५ टक्केच असल्याने कटऑफ चढा असतो, पण तुम्ही पात्र असाल तर त्याच महाविद्यालयाच्या साध्या कोडच्या वर हा कोड टाका.

भरून झाल्यावर अर्ज 'कन्फर्म' करायला विसरू नका. नुसता 'सेव्ह' केलेला अर्ज वाटपात धरत नाहीत. पीडीएफ काढून मोठ्याने वाचा, एकाने कोड वाचावा आणि दुसऱ्याने पडताळावा. सारख्या नावाची महाविद्यालयं खूप आहेत.

७. जागा मिळाल्यावर

लॉग-इनमध्ये वाटप दिसेल. आधी आपली माहिती बरोबर असल्याची स्वयंपडताळणी, मग १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क. आपोआप गोठणाऱ्या पर्यायांखालचा पर्याय मिळाला असेल तर दोन वाटा आहेत. समाधानी असाल तर 'फ्रीझ'. अजून वरचं हवं असेल तर 'बेटरमेंट'. बेटरमेंटमध्ये हातची जागा राहते आणि पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर जुनी आपोआप जाते. पुढच्या फेरीसाठी पर्याय नव्याने भरता येतात, तेव्हा हातात असलेल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हव्या असलेल्याच जागा लिहा. नाही तर साधी सुधारणा म्हणून मिळालेली जागा तुमच्या हातची चांगली जागा घालवेल.

मुदत संध्याकाळी संपते. शेवटच्या तासावर ठेवू नका.

८. महाविद्यालयात हजेरी, शुल्क आणि महाडीबीटी

सगळे मूळ कागद घेऊन जा, पण देण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवा. एलसी एकदा जमा झाली की सहज परत मिळत नाही.

शुल्क किती, हे शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयनिहाय ठरवतं आणि त्याची यादी जाहीर असते. काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. पावतीत शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क वेगवेगळं लिहून घ्या.

कॅपमधून प्रवेश झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. कितीतरी बापांनी केवळ पैशापायी मुलीला घराजवळच्या बी.एस्सी.ला घातलं असतं, त्यांना हा मोठा आधार आहे. मात्र विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च यात येत नाही, त्याची तजवीज आधीच करा. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करावा लागतो, दरवर्षी नूतनीकरणासह. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात.

संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला या सवलती मिळत नाहीत. खासगी आणि अभिमत विद्यापीठं तर कॅपमध्येच नसतात. त्यांचे अर्ज, परीक्षा, शुल्क सगळं स्वतंत्र. एकाच संस्थेच्या एकाच आवारात एक महाविद्यालय कॅपमधलं आणि शेजारची इमारत खासगी विद्यापीठाची, असं चित्र आता जागोजागी आहे. प्रवेश नेमका कुठे होतोय हे कागदावर वाचा.

"दोन लाख द्या, सीट पक्की करतो" म्हणणारे या दिवसांत फोन करतात. कॅपची जागा कुणालाही पक्की करता येत नाही. संस्थास्तरीय जागांचीही रीतसर जाहिरात आणि गुणवत्ता यादी लागते. तिथे थेट महाविद्यालयात अर्ज करा आणि पावतीशिवाय रुपयाही देऊ नका.

९. प्रवेश रद्द करायचा झाला तर

जोसामधून चांगली जागा लागली किंवा वैद्यकीयला नंबर लागला, तर आधीचा प्रवेश लॉग-इनमधून आणि महाविद्यालयातही रद्द करावा लागतो. सेलने जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी शुल्क परत मिळतं. तारीख उलटली तर तेवढं परत मिळत नाही. रद्द केल्याची पोचपावती आणि मूळ कागद एकाच दिवशी हातात घ्या. लिपिक "उद्या या" म्हणाला तर प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.